जुन्या मालिकांच्या वाहिनीवर जाहिराती का वाढत जातात, हे घरबसल्या कसे ओळखावे

जुन्या मालिका किंवा जुने चित्रपट दाखवणारी वाहिनी नव्याने सुरू होते, तेव्हा पहिले काही महिने तिच्याविषयी कोणाची तक्रार नसते. भाग सलग दिसतात, मधली विश्रांती छोटी असते आणि शीर्षकगीतही पूर्ण ऐकायला मिळते. वर्ष-दीड वर्षाने तीच वाहिनी लावली तर दर आठ-नऊ मिनिटांनी कथा तुटते, शीर्षकगीत दोन ओळींत आटोपते आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत एखाद्या तेलाची किंवा वेदनाशामक मलमाची जाहिरात सरकत राहते. याचे घरोघरी दिले जाणारे उत्तर म्हणजे वाहिनीवाल्यांचा लोभ. हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. जाहिराती वाढण्यामागे एकमेकांच्या अगदी विरुद्ध अशी दोन कारणे असू शकतात: वाहिनी चांगली चालू लागली म्हणून जाहिराती वाढतात आणि वाहिनी चालेनाशी झाली म्हणूनही जाहिराती वाढतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाला दोन्हींचा त्रास सारखाच होतो, पण वाहिनीचे पुढे काय होणार हे मात्र त्यातले कारण कोणते यावर ठरते. कागद, पेन आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच एवढ्या साधनांवर हे कारण बऱ्याच अंशी ओळखता येते.

मोजणी

मोजण्यासाठी घड्याळी तास निवडावा. दुपारी दोन ते तीन किंवा रात्री नऊ ते दहा असा तास घ्यावा. मालिकेच्या आरंभापासून पुढचा एक तास घेऊ नये. भारतातील नियम घड्याळी तासावर बेतलेला आहे आणि वाहिन्यांचे वेळापत्रकही, ज्याला या व्यवसायात एफपीसी म्हणतात, अर्ध्या-अर्ध्या तासांच्या चौकटीत बसवलेले असते. एकाच तासावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एक दुपारचा, एक रात्रीचा आणि एक शनिवार-रविवारचा असे निदान तीन तास मोजावेत आणि हीच मोजणी काही महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा करावी.

कागदावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात पैसे देऊन दाखवलेल्या जाहिराती येतील. दुसऱ्यात वाहिनीने स्वतःच्याच कार्यक्रमांची केलेली जाहिरात, म्हणजे प्रोमो, येतील. तिसऱ्यात कार्यक्रम चालू असताना पडद्यावर येणाऱ्या पट्ट्या येतील. खालची आडवी पट्टी, जिला विक्री विभागात ॲस्टन बँड म्हणतात, आणि चित्र आक्रसून बाजूला व खाली जागा करणारा एल-बँड या दोहोंची नोंद इथेच करावी. चौथा रकाना प्रत्यक्ष कार्यक्रमाचा. पहिल्या दोन रकान्यांत सेकंद लिहावेत. तिसऱ्यात पट्टी किती वेळा आली एवढे लिहिले तरी पुरते. ‘या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत’ असे सांगणारी छोटी फीत जाहिरातीतच मोजावी. केबलवाल्याकडून किंवा सेट-टॉप बॉक्सकडून येणारी ‘आपले रिचार्ज संपत आहे’ यांसारखी सूचना मात्र वाहिनीच्या नावावर लिहू नये, कारण वाहिनीचा तिच्याशी काही संबंध नसतो.

जाहिरातीचे सेकंद लिहिताना उत्पादनाचे नावही लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. पण पुढचे निदान मुख्यतः या नावांवरच उभे राहते. मिनिटांचा आकडा फक्त जाहिराती वाढल्याचे सांगतो, वाढीचे कारण नावांवरून उमगते.

मिनिटे येतात कुठून

अर्ध्या तासाच्या चौकटीत जाहिरात वाढवायची तर कार्यक्रम तेवढा लहान व्हायला हवा. नव्या मालिकेत ही अडचण नसते, कारण ती आजच्या हिशेबानेच बनवलेली असते. जुनी मालिका मात्र तिच्या काळाच्या हिशेबाने बनलेली असते. अमेरिकेत १९६०च्या दशकातील अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेचा भाग साधारण पंचवीस मिनिटांचा असे; पुढे तो बावीस मिनिटांच्या आसपास आला. तेथील प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सदस्यांसाठी संहिता केली होती आणि तीनुसार मोक्याच्या वेळी तासाला साडेनऊ मिनिटांपेक्षा अधिक कार्यक्रमेतर मजकूर दाखवायचा नसे. ही मर्यादा स्पर्धेला मारक असल्याचा दावा सरकारनेच न्यायालयात केला आणि १९८२ साली ती निकालात निघाली. त्यानंतर जाहिरातींचे मिनिट वाढत गेले आणि जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्यांना पंचवीस मिनिटांचा भाग बावीस मिनिटांच्या जागेत कोंबण्याची वेळ आली.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ साली सुरू झाल्या आणि प्रायोजित मालिकांचे युग जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून सुरू झाले. त्या काळी प्रायोजकाच्या जाहिराती मुख्यतः भागाच्या आधी आणि नंतर एकगठ्ठा येत, त्यामुळे त्या काळच्या मालिकांची पटकथा दर आठ मिनिटांनी उत्कंठेवर येऊन थांबत नाही. अशा मालिकेत आज ब्रेक घालायचा तर तो संवादाच्या मध्येच घालावा लागतो, आणि म्हणूनच तो नव्या मालिकेतल्या ब्रेकपेक्षा जास्त खुपतो. माझ्या मते जुन्या मालिकांच्या प्रेक्षकाची निम्मी चीड जाहिरातींच्या लांबीमुळे नसते, ती ब्रेक भलत्या जागी आल्यामुळे असते.

जागा करण्याच्या रीती तीन-चारच आहेत. शीर्षकगीत आणि शेवटची नामावली कापणे ही सर्वांत सोपी. एखादा उपकथेतला प्रसंग गाळणे ही दुसरी. अर्ध्या तासाच्या भागाला चाळीस मिनिटांची चौकट देणे ही तिसरी, आणि ती त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायला हवी. चौथी रीत म्हणजे भाग किंचित वेगाने चालवणे. २०१५ साली अमेरिकेतील टीबीएस या केबल वाहिनीवर ‘साइनफेल्ड’ ही मालिका मूळ वेगापेक्षा सुमारे सात टक्के अधिक वेगाने दाखवली जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. बावीस मिनिटांचा भाग सात टक्के वेगाने चालवला तर तो साडेवीस मिनिटांच्या जरा वर संपतो, आणि वाचलेल्या वेळात दहा सेकंदांच्या आठ जाहिराती बसतात.

हे पकडण्याची रीत सोपी आहे. दूरदर्शनच्या अनेक जुन्या मालिका प्रसार भारतीच्या संग्रहातून अधिकृतपणे इंटरनेटवर उपलब्ध आहेत. वाहिनीवर दिसलेला एखादा भाग तिथे शोधून त्यातील असे दोन संवाद निवडावेत, ज्यांच्यामध्ये वाहिनीवर ब्रेक येत नाही आणि ज्यांच्यात मुळात दहा मिनिटांचे अंतर आहे. वाहिनीवर तेच अंतर नऊ मिनिटे एकवीस सेकंदांचे भरले, तर भाग सात टक्के वेगाने चालवला आहे किंवा मधला एखादा तुकडा कापलेला आहे. तुकडा कापला असेल तर कथेत तो सापडतोच. नाहीतर वेग वाढवला असे समजावे. ज्यांचा कान तयार आहे त्यांना पेटीच्या किंवा बासरीच्या स्वरातही चढ जाणवेल, मात्र संगणकाने स्वर मूळ पट्टीत ठेवला असेल तर कानावर विसंबता येत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. जुन्या चित्रपटांवर हीच कसोटी लावली तर वाहिनीवर अन्याय होईल. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चित्रित होतो आणि आपल्याकडची दूरचित्रवाणी सेकंदाला पंचवीस चौकटींची आहे. त्यामुळे चित्रपट टीव्हीवर मुळातच सुमारे चार टक्के वेगाने चालतो. दीडशे मिनिटांचा चित्रपट एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपतो आणि गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी वर जाते. यात जाहिरातीसाठी केलेली चलाखी नाही, ती तंत्राची जुनी तडजोड आहे. व्हिडिओवर चित्रित झालेल्या दूरदर्शनच्या मालिकांना हा फरक लागू होत नाही.

वाहिनीचा हिशेब

आता पैशाकडे वळू. वाहिन्यांची आणि जाहिरात संस्थांची बरीचशी खरेदी-विक्री मुंबईतच होते. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांपासून अंधेरीपर्यंत पसरलेल्या या बाजारात जाहिरातीचा दर दहा सेकंदांना अमुक रुपये असा बोलला जातो आणि विकाऊ वेळेला एफसीटी म्हणतात. प्रेक्षकसंख्येचे मोजमाप २०१५पासून बार्क इंडिया करते. निवडक घरांतील टीव्हीला जोडलेल्या यंत्रावरून दर आठवड्याला हे आकडे काढले जातात. ज्याच्या घरी हे यंत्र नाही त्याने रागाने वाहिनी बदलली तरी त्या आठवड्याच्या आकड्यांत ती दिसत नाही, हे कटू असले तरी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. वाहिनीला तासाला छत्तीस हजार रुपये मिळवायचे आहेत आणि तिचा दर दहा सेकंदांना हजार रुपये आहे. तिला छत्तीस तुकडे, म्हणजे सहा मिनिटे विकावी लागतील. दर सहाशेवर आला तर तेवढ्याच रकमेसाठी साठ तुकडे, म्हणजे दहा मिनिटे लागतील. दर पाचशेवर घसरला तर बारा मिनिटे लागतील. वाहिनीने एक रुपयाही अधिक कमावला नाही आणि प्रेक्षकाच्या वाट्याच्या जाहिराती मात्र दुप्पट झाल्या.

दर घसरतो कसा? जुन्या कार्यक्रमांच्या वाहिनीला नवे असे काही नसते. पहिल्या फेरीत मालिका पाहायला जुने प्रेक्षक हौसेने येतात, दुसऱ्या फेरीत त्यांतले काही, तिसऱ्या फेरीत ज्यांना कुठलाही भाग कुठूनही चालतो ते. शिवाय हा प्रेक्षक वयाने मोठा असतो, आणि जाहिरातदाराला तरुण घर हवे असते. ज्याने साबणाची निवड तीस वर्षांपूर्वी पक्की केली त्याच्यावर पैसे खर्च करायला तो नाखूश असतो. मला हा समज अर्धवट वाटतो, कारण मुंबईत घर, दागिने आणि औषधे यांचे निर्णय अजूनही पन्नाशी-साठीतली माणसेच घेतात. पण दर ठरतो तो बाजाराच्या समजुतीवर.

दुसरीकडे खर्च वाढत जातो. मालिकेचे हक्क ठरावीक वर्षांसाठी किंवा ठरावीक वेळा दाखवण्यासाठी घेतलेले असतात, आणि वाहिनी गाजली की नूतनीकरणाच्या वेळी हक्कदार किंमत वाढवून मागतो. केबल आणि डीटीएच कंपन्यांकडे जागा मिळवण्याचा खर्च असतोच. विनाशुल्क वाहिनीला गावोगावी पोहोचायचे असेल तर डीडी फ्री डिशवरच्या जागेसाठी प्रसार भारतीच्या लिलावात कोट्यवधी रुपयांची बोली लावावी लागते. हा खर्च जाहिरातींतूनच वसूल करावा लागतो, कारण विनाशुल्क वाहिनीला प्रेक्षकाकडून काहीच मिळत नाही. गिरगावात किंवा मुलुंडमध्ये बसलेल्या माणसाला एखाद्या जुन्या मालिकेच्या मध्ये बियाणांची आणि पाण्याच्या पंपाची जाहिरात दिसते, याचे कारण हेच आहे: प्रक्षेपण एकच असते आणि ते मुख्यतः गावाकडच्या प्रेक्षकासाठी विकलेले असते.

पैसे कोण देतो यावर जाहिराती किती ठरतात, याचे स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील दोन चित्रपट-वाहिन्यांचे आहे. अमेरिकन मूव्ही क्लासिक्स ही वाहिनी १९८४ साली सुरू झाली आणि जुने चित्रपट अखंड दाखवण्यासाठी ओळखली गेली. पुढे तिथे दोन चित्रपटांच्या मध्ये जाहिराती आल्या आणि २००२च्या सुमारास चित्रपटाच्या आतही आल्या. त्याच वेळी तिने जुन्या चित्रपटांवरचा भर कमी करून नव्या चित्रपटांकडे मोर्चा वळवला. टर्नर क्लासिक मूव्हीज ही १९९४ साली सुरू झालेली वाहिनी मात्र चित्रपटात जाहिराती न घालता चालत राहिली, कारण तिचे उत्पन्न केबल कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्कावर उभे होते आणि टर्नर समूहाकडे जुन्या चित्रपटांचा स्वतःचा मोठा साठा होता. १९९६ साली निघालेल्या टीव्ही लँडने तर आरंभी जुन्या काळच्या जाहिरातीच मनोरंजन म्हणून दाखवल्या होत्या. ही कल्पना गोड असली तरी त्या जाहिरातींचे पैसे कोणी देत नव्हते. यथावकाश त्यांची जागा आजच्या, पैसे देणाऱ्या जाहिरातींनी घेतली.

आरंभीच्या शांततेचा अर्थही यावरून लागतो. नव्या वाहिनीकडे आकडे नसतात, त्यामुळे जाहिरात संस्था तिच्याकडे फिरकत नाहीत. कमी जाहिराती हे त्या काळात धोरण कमी आणि परिस्थिती जास्त असते. विक्री विभाग रिकामा वेळ प्रोमोंनी भरतो आणि तिलाच ‘अखंड मनोरंजन’ म्हणून मिरवतो. प्रेक्षक वाढले तरी जाहिरातदार हात आखडून बसले तर जाहिराती वाढत नाहीत, हे टाळेबंदीत दिसले. २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले आणि १३ एप्रिलला डीडी रेट्रो ही वाहिनीच सुरू केली. घराघरांत टीव्ही पाहणे कमालीचे वाढले होते, पण बाजारपेठा बंद असल्याने सर्वच वाहिन्यांवर जाहिरातींचे प्रमाण उतरले होते.

कागदावरून निदान

पहिल्या रकान्यात मोठ्या, ओळखीच्या उत्पादनांची नावे असतील, एकच जाहिरात तासात दोनपेक्षा जास्त वेळा येत नसेल आणि दुसऱ्या रकान्यातील प्रोमो आधीच्या मोजणीपेक्षा कमी झाले असतील, तर वाहिनी चालू लागली आहे. आधी जो वेळ विकला जात नव्हता तो आता विकला जात आहे. अशा वाहिनीवर जाहिराती पुढे वाढतील, पण नियमाच्या मर्यादेपाशी थबकतील आणि मग दर वाढवले जातील. ही वाहिनी टिकते.

याउलट एकच जाहिरात तासात पाच-सहा वेळा येत असेल, ‘पडद्यावरील क्रमांकावर आत्ताच फोन करा’ असे सांगणाऱ्या वस्तू, रत्ने, यंत्रे, केसांची तेले आणि सांधेदुखीची औषधे यांची गर्दी असेल, आणि जाहिरातींची मिनिटे वाढूनही प्रोमो कमी झाले नसतील, तर दर पडले आहेत असे समजावे. फोन मागवणारा जाहिरातदार प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांना भुलत नाही; त्याला किती फोन आले एवढेच कळते, आणि म्हणून तो सर्वांत स्वस्त वेळ शोधत येतो. तो येणे म्हणजे वाहिनी घसरणीला लागल्याची खूण आहे. इथून चक्र सुरू होते: जाहिराती वाढतात म्हणून हौशी प्रेक्षक जातो, तो गेला म्हणून आकडा पडतो, आकडा पडला म्हणून दर पडतो, आणि दर पडला म्हणून पुन्हा जाहिराती वाढतात.

तिसरा एक प्रकार आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. मोठ्या समूहाच्या अनेक वाहिन्या असतात आणि जाहिरातदाराला मुख्य मनोरंजन वाहिनीवरचा वेळ विकताना समूहातील छोट्या वाहिनीवरचा वेळ नाममात्र दरात किंवा वर भर म्हणून दिला जातो. भाजीवाली जशी जुडीबरोबर कढीपत्ता टाकते तसाच हा व्यवहार. असे झाले की जुन्या मालिकांच्या वाहिनीवर जाहिराती तर मोठ्या कंपन्यांच्या दिसतात, पण त्यांचे पैसे वाहिनीच्या खात्यात फारसे येत नाहीत. ओळखायचे असेल तर त्याच समूहाच्या मुख्य वाहिनीवर रात्रीच्या वेळी अर्धा तास जाहिरातींची नावे लिहावीत. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या असतील, तर जुनी वाहिनी भर म्हणून विकली जात आहे. अशा वाहिनीचे भवितव्य तिच्या प्रेक्षकांच्या हाती नसते. समूहाने वाहिन्यांची छाटणी केली की ती एका रात्रीत बंद होऊ शकते किंवा तिचे नाव आणि रूप बदलू शकते.

तिसऱ्या रकान्यातील पट्ट्यांना कमी लेखू नये. त्या ब्रेकच्या मिनिटांत दिसत नाहीत, म्हणून ब्रेक न वाढवता उत्पन्न वाढवायचे असेल तेव्हा वाहिनी त्यांच्याकडे वळते. सहा महिन्यांत मिनिटे तेवढीच राहिली आणि पट्ट्या दुप्पट झाल्या, तरीही त्याला वाढच म्हणावे.

ऋतूचे भान मात्र ठेवावे. गणपतीपासून दिवाळीपर्यंत सर्वच वाहिन्यांवर जाहिराती फुगतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आधी सराफ आणि बांधकाम व्यावसायिक गर्दी करतात. आयपीएलच्या दिवसांत मोठ्या कंपन्यांचा पैसा क्रिकेटकडे वळतो आणि निवडणुकीच्या दिवसांत पक्षांच्या जाहिराती येतात. ऑगस्टमधल्या मोजणीची तुलना ऑक्टोबरमधल्या मोजणीशी केली तर वाढ दिसणारच, आणि तिचा वाहिनीच्या प्रकृतीशी संबंध नसेल. शक्यतो एका वर्षीच्या जुलैची तुलना पुढच्या वर्षीच्या जुलैशी करावी.

मर्यादा ओलांडली असेल तर

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतील सातव्या नियमानुसार तासाला बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यांत दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ साली स्वतंत्र विनियम काढून आणि २०१३ साली त्यांत दुरुस्ती करून हीच मर्यादा घड्याळी तासाला लागू केली. काही प्रसारकांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्यांना अंतरिम संरक्षण मिळाले. त्यामुळे नियम कागदावर असूनही अंमलबजावणी ढिली राहिली, आणि मोजणीत बारापेक्षा मोठा आकडा आल्यास आश्चर्य वाटून घेऊ नये.

तक्रार करायची असल्यास ती आधी वाहिनीकडेच करावी. केबल नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रार निवारणाचे तीन स्तर आहेत. पहिला स्तर स्वतः प्रसारकाचा असून त्याने पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. दुसरा स्तर प्रसारकांच्या स्वयंनियमन संस्थेचा आणि तिसरा केंद्र सरकारचा. ‘तुमच्या वाहिनीवर फार जाहिराती असतात’ अशा पत्राला छापील उत्तर येते. त्याऐवजी तारीख, घड्याळी तास, व्यापारी जाहिरातींचे सेकंद आणि प्रोमोंचे सेकंद वेगवेगळे लिहून कागदाचे छायाचित्र जोडावे. पट्ट्यांची संख्या स्वतंत्र ओळीत द्यावी. ती मिनिटांत मिसळली की प्रसारक आकड्यालाच हरकत घेतो.

तक्रारीपेक्षा लवकर परिणाम करणारा उपाय वर्गणीचा आहे, पण तो फक्त सशुल्क वाहिनीला लागू पडतो. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर जुनी ॲनालॉग केबल बंद होऊन सेट-टॉप बॉक्स आला आणि २०१९पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत जाहीर होऊ लागली. वाहिनी सुटी घेतली असेल तर केबलवाल्याच्या ॲपमधून किंवा त्याला फोन करून ती काढता येते, आणि तेवढे शुल्क प्रसारकाला मिळणे बंद होते. ती समूहाच्या संचात आली असेल तर एकटी वगळता येत नाही. पूर्ण संच सोडून हव्या त्या वाहिन्या सुट्या घ्याव्या लागतात. हे करण्याआधी दोन्हींची बेरीज करून पाहावी, कारण संच मुद्दाम असे रचलेले असतात की चार सुट्या वाहिन्यांची किंमत पूर्ण संचाच्या जवळपास जाते. विनाशुल्क वाहिनी यादीतून काढून प्रसारकाचे काहीच बिघडत नाही.

फक्त मालिका निवांत पाहायची असेल तर रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स उपयोगी पडतो. भाग सुरू होऊन दहा-बारा मिनिटे झाल्यावर पाहायला बसले की ब्रेक पुढे ढकलत भाग संपेपर्यंत प्रक्षेपण गाठता येते. दूरदर्शनच्या मालिकांसाठी प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू केलेले वेव्हज हे ॲपही आहे. मालिका कापलेली आहे का हे तपासण्यासाठी तर ते आधी उघडावे: वाहिनीवरील भागाचे नाव किंवा क्रमांक पाहून तोच भाग तिथे शोधावा, आणि शीर्षकगीताचे सेकंद दोन्हीकडे मोजावेत. शीर्षकगीत जर निम्म्यावर आलेले असेल, तर पुढे प्रसंगही कापले गेले असण्याची शक्यता धरून पूर्ण भाग ताडून पाहावा.